स्वतःची गोष्ट बाजूला ठेवताना

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत संध्याकाळी जे वर्ग भरतात, त्यांत व्यसनमुक्ती समुपदेशनाचा वर्ग जरा निराळा. नर्सिंग शिकायला आलेली बाई स्वतः कधी आजारी होती का, हे कोणी विचारत नाही. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्याचं आधी दिवाळं निघालेलं असावं, अशीही अपेक्षा नसते. इथे मात्र बाकांवरच्या बऱ्याच जणांनी अभ्यासाचा विषय आधी भोगलेला असतो. कोणी स्वतः, कोणी नवऱ्यापायी, कोणी आईपायी. शरीराला नशेची सवय होत जाते आणि मात्रा वाढवावी लागते, हे प्राध्यापक समजावून सांगत असतात, तेव्हा मागच्या रांगेतला चाळिशीचा गडी नुसती मान हलवत असतो. त्याला परीक्षेपुरती संज्ञा तेवढी पाठ करायची आहे.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही समजूत या विद्येच्या मुळाशी आहे आणि अमेरिकेत ती चांगली शंभर वर्षं जुनी आहे. बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये कोर्टनी बेलर नावाचा माणूस दारूतून बाहेर पडला आणि १९१३च्या सुमारास तिथेच इतरांना बाहेर काढण्याचं काम करू लागला. हातात ना वैद्यकाची पदवी, ना धर्मोपदेशकाची. त्याच्याकडून बरा झालेला रिचर्ड पीबॉडी पुढे स्वतःच उपचारक झाला. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्यात फटका बसलेला बिल विल्सन हॉटेलातून फोन फिरवत होता तो दुसऱ्या एखाद्या दारुड्याच्या शोधात. त्याच्याशी बोललो तर आपण पिणार नाही, असं त्याला वाटत होतं. त्या फोनांमधून तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. मदत करणाऱ्यालाच मदतीची गरज होती, ही त्या भेटीतली गंमत. फ्रँक रीसमन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली ती गंमत सिद्धान्ताच्या भाषेत मांडली : दुसऱ्याला आधार देणाऱ्याचाच आधी फायदा होतो.

त्याच वर्षी रीसमन आणि आर्थर पर्ल यांचं ‘न्यू करिअर्स फॉर द पुअर’ आलं. गरिबांना आधी काम द्या, शिक्षण कामासोबत होऊ द्या, असा त्याचा सूर. केनेडींनी १९६३ साली समाजाधारित मानसिक आरोग्यसेवेच्या कायद्यावर सही केली होती. मोठाल्या मनोरुग्णालयांतून माणसं बाहेर येणार होती आणि त्यांना सांभाळायला हात कमी होते. त्यातून दोन वर्षांची ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ ही पदवी आकाराला आली. ती कम्युनिटी कॉलेजांत रुजली यात नवल नाही. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेली ही परंपरा. १९४७ साली ट्रुमन यांच्या आयोगाने तिला देशभराच्या धोरणात जागा दिली. शाळा अर्धवट सुटलेल्यालाही इथे रस्ता असतो, फी त्यातल्या त्यात परवडते आणि वीस वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवरून कोणी नाक मुरडत नाही. आयुष्याची मधली पंधरा वर्षं गाळून पुन्हा सुरुवात करणाऱ्याला दुसरं कुठलं विद्यापीठ दारात उभं करणार?

गंमत अशी, की ज्या अनुभवाच्या बळावर माणूस या वर्गात येतो, तोच अनुभव आवरायला त्याला इथे शिकवलं जातं. न्यूयॉर्क राज्यात समुपदेशकाच्या प्रमाणपत्रासाठी ३५० तासांचं शिक्षण लागतं. त्यातले बरेच तास एकट्या समुपदेशनाचे. त्या तासांत नेमकं काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. तिघातिघांचे गट पडतात : एक क्लायंट, एक समुपदेशक आणि तिसरा कागद घेऊन बसलेला निरीक्षक. क्लायंट झालेला म्हणतो, “बायको मागे लागली म्हणून आलोय. मला काही प्रॉब्लेम नाही.” समोरचा मुरलेला गडी लगेच पुढे सरकतो : “मीही हेच म्हणायचो बरं का. पुढं घर गेलं.” वाक्य कळकळीचं आहे, खरंही आहे. निरीक्षक कागदावर फुली मारतो. शिक्षिका थांबवते आणि विचारते, “आता या खोलीत कोणाची गोष्ट चालू आहे?” दुसऱ्या खेपेला तो जरा थांबून म्हणतो, “म्हणजे तुम्ही आपणहून आला नसतात.” समोरचा गप्प होतो. मग म्हणतो, “अगदीच तसं नाही. मुलगा हल्ली बोलत नाही माझ्याशी.”

हा थांबण्याचा धडा फार उशिरा आला. १९५८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या सिनॅनॉन या केंद्रात गटाने एकेकाला लक्ष्य करून त्याचे वाभाडे काढणं हाच उपचार मानला जाई. पुढे कितीतरी केंद्रांनी तो कित्ता गिरवला. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलरने १९८३ साली वेगळी वाट मांडली : बदलायचं कशासाठी, हे त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्यायचं. दहा वर्षांनी त्याने सहकाऱ्यांसोबत केलेल्या अभ्यासात दिसलं, की समुपदेशक जितका अंगावर जाई, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त असे. खडसावण्याचं आपल्याला फार प्रेम असतं. आपल्या घराघरातही व्यसनी माणसावर पहिला प्रयोग शपथेचा आणि दुसरा कानउघाडणीचा होतो. पण दोन्ही फसल्यावर औषध बदलावं, हे कोणाला सुचत नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. अमेरिकेत व्यसनोपचाराच्या नोंदींना एक वेगळा संघीय नियम लागू आहे; वर्गात त्याला नुसतं ‘पार्ट टू’ म्हणतात. उपचाराला गेलो तर पोलिसांच्या तावडीत सापडू, नोकरी जाईल, या भीतीने माणसं केंद्राची पायरी चढत नाहीत, हे ओळखून सत्तरच्या दशकात तो आला. फोनवर कोणाची आई रडत विचारते, “माझा मुलगा तिथे आहे का?” विद्यार्थ्याला उत्तर घोटून घ्यावं लागतं : “अशी व्यक्ती इथे आहे की नाही, यातलं काहीच मी सांगू शकत नाही.” वॉर्डाच्या दारातच डबा घेऊन आलेल्या काकांना सगळी हकीकत सांगणाऱ्या आपल्या मनाला हे निष्ठुर वाटेल. मला ते न्याय्य वाटतं, पण सोपं मुळीच वाटत नाही.

अनुभवी माणसाला कामावर घेणं आपल्यालाही नवं नाही. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली. तिथलं शिक्षण मुख्यतः सहवासातून झालं. सहवास जे देतो ते क्रेडिटच्या तासांत मावत नाही, हे कबूल. पण एका बाबतीत मला वर्गाची गरज अधिक पटते.

ती बाब मेथाडोन या औषधाची. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी दाखवून दिलं, की हेरॉइनच्या व्यसनात अडकलेली माणसं मेथाडोनच्या रोजच्या ठरावीक मात्रेवर कामधंदा करत नीट जगू शकतात. पूर्ण वर्ज्य करूनच जो सुटला, त्याला हे पचत नाही. एक नशा सोडून दुसरी धरली, एवढंच त्याला त्यात दिसतं आणि त्याचा अनुभव त्याला इथे साफ चकवतो. कारण तो एकाच जळण्याचा अनुभव असतो. फेंटानिल हा जहाल अमली पदार्थ आल्यापासून हा वाद तात्त्विक राहिलेला नाही. अमेरिकेत २०२२ साली अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसं मेली.

म्हणून इंटर्नशिपमध्ये उपचार-आराखड्याचा कागद भरताना खरी ओढाताण होते. ध्येयाच्या रकान्यात समोरच्याचेच शब्द लिहायचे असतात : ‘डोस चालू ठेवायचा आहे. शनिवारी मुलीला भेटता यावं.’ लिहिणाऱ्याच्या मनात तिथे ‘डोस बंद’ असं असतं. पर्यवेक्षक कागद परत करतो आणि विचारतो, हे कोण म्हणालं?