कुणाचं आहे हे गाणं?

बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला, की मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहून ऐकावं. ‘अहो, ही चाल वसंत प्रभूंची नव्हे, खळ्यांची.’ ‘मूळ ध्वनिमुद्रिकेत दुसऱ्या अंतऱ्याआधी मेंडोलिन आहे, यांनी सिंथेसायझरवर भागवलं.’ ‘निवेदिकाबाईंनी कवीचं नाव घेतलंच नाही.’ शेजारचा अनोळखी माणूस न राहवून तोंड घालतो, कुणीतरी चित्रपटाचं साल सांगतं, दुसरा ते दुरुस्त करतो. तिसरी घंटा होते, तरी वाद मिटलेला नसतो.

घरच्यांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. गाणं ऐकावं, आनंद घ्यावा, कुणी वाजवलं आणि कुठल्या साली आलं याच्याशी काय करायचंय, असं ते विचारतात. मला मात्र या चौकस माणसांबद्दल फार आदर वाटतो. आपल्या चित्रपटसंगीतानं कितीतरी माणसांची नावं कुठे छापलीच नाहीत. ती आज आपल्याला ठाऊक आहेत, याचं पुष्कळसं श्रेय या विचारत राहणाऱ्यांना आहे.

१९४९च्या ‘महल’चंच बघा. मधुबालाच्या तोंडी असलेल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. त्या काळी अशीच पद्धत होती. श्रोत्यांना ते पुरलं नाही. हा आवाज कुणाचा, अशी विचारणा रेडिओकडे सुरू झाली. रेडिओनं कंपनीला विचारलं आणि लता मंगेशकर हे नाव घरोघर पोचलं. लताबाईंचं गाणं लोकांपर्यंत आज ना उद्या गेलंच असतं, पण त्या गाण्याला त्यांचं नाव मिळालं ते श्रोत्यांनी विचारलं म्हणून. संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले. त्यांचं नाव आज किती जणांना आठवतं, हे अशा रांगेत विचारून पाहावं.

याहून मला जवळची वाटते ती गोष्ट स्नेहल भाटकरांची. १९४७चा केदार शर्मांचा ‘नीलकमल’ म्हणजे राज कपूर आणि मधुबाला यांच्या नायक-नायिका म्हणून कारकिर्दीची सुरुवात. त्याच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून बी. वासुदेव हे नाव आहे. पुढच्याच वर्षी शर्मांचाच ‘सुहाग रात’ आला, त्याला संगीत स्नेहल भाटकरांचं. दोन्ही माणसं एकच, वासुदेव गंगाराम भाटकर. अभिनेते रमेश भाटकर यांचे वडील. भजनांत रमणारा हा मराठी माणूस हिंदीत वेगवेगळ्या नावांनी वावरला, आणि ही नावं एकाच माणसाची आहेत हे गाण्यांच्या दर्दी लोकांनी एकमेकांना सांगून सांगून जपलं. १९६१मध्ये ‘हमारी याद आयेगी’चं शीर्षकगीत त्यांनी मुबारक बेगम यांच्याकडून गाऊन घेतलं. त्या एका गाण्यावर जीव टाकणारे आजही भेटतात. पण त्या मुबारक बेगम जोगेश्वरीत, आपल्या अंधेरीच्या पुढच्याच स्टेशनात राहत होत्या, हे त्यांच्यापैकी अनेकांना त्यांच्या निधनाची बातमी वाचूनच कळलं. अखेरची वर्षं त्यांनी आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत काढली. १८ जुलै २०१६ रोजी जोगेश्वरीच्या घरी त्यांचं निधन झालं. ज्यांना त्या कुठे राहतात हे माहीत होतं, असे काही चाहते त्यांच्या घरी जात असत. माहितीला एवढं मोल असू शकतं, की ती असली तर माणूस जिना चढून भेटायला जातो.

गायक-संगीतकारांची नावं निदान तबकडीवर आणि पडद्यावर येऊ लागली. वादकांचं तेही नाही. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतला भरगच्च वाद्यमेळ बांधणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा किती रसिकांना ठाऊक आहेत? ‘अमर अकबर अँथनी’तलं अँथनी गोन्साल्विस हे नाव गंमत म्हणून सुचलेलं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं गुरूचं नाव १९७७च्या गाण्यात घातलं आणि देशभर पोचवलं. ‘अष्टविनायक’चं संगीत अनिल-अरुण यांचं, पण अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी किती संयोजन केलं, किती वाजवलं, हे फक्त चौकस श्रोत्यालाच माहीत असतं. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, म्हटल्यावर आपण हात जोडतो. त्यांच्या गाण्यांतलं प्रभाकर जोगांचं व्हायोलिन मात्र आपण नाव न घेताच ऐकून जातो. या वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांच्यावर एक मोठं पुस्तक झालं, ‘बिहाइंड द कर्टन’. २००८मध्ये आलेलं हे पुस्तक लिहिणारे ग्रेगरी बूथ न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले अभ्यासक. इतक्या दुरून येऊन त्यांनी ते केलं. आपल्याच इमारतीत, आपल्याच विंगेत एखादा निवृत्त वादक राहत असेल आणि आपण त्यांना नुसते ‘तिसऱ्या मजल्यावरचे अंकल’ म्हणून ओळखत असू, हे मला फार लागतं.

रफी मोठे की किशोर, लता की आशा, हे वाद मी ऐकतो आणि सोडून देतो. आवड ज्याची त्याची. त्यावर रात्रभर बोललं तरी कुणी आपलं मत बदलत नाही. पण ‘गीतरामायण’ मुळात पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून आठवड्यामागून आठवडे चाललं, आणि त्यात सुधीर फडक्यांबरोबर माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक असे अनेक जण गायले, हे कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कानात खरोखर भर पडते. पुढच्या वेळी तो ती छप्पन्न गाणी वेगळ्या ओढीनं शोधतो.

हा संस्कार आपल्यावर रेडिओनं केला. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती अनेक वर्षं आपल्या बोरिवलीतूनच बोलत आली आहे. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार असा क्रम न चुकता सांगणारे तिथले निवेदक आपल्याला गाण्यामागची चार माणसं ओळखायला शिकवून गेले. आता मोबाइलवर गाणं क्षणात सापडतं, पण गायकाचं नाव ठळक आणि कवीचं शोधावं लागतं. व्हॉट्सअॅपवर तर एकाची चाल दुसऱ्याच्या नावावर बेधडक फिरते. ज्याची चाल त्याच्याकडून काढून घेणं हा अन्याय आहे, आणि आपण पुढे ढकललेल्या प्रत्येक मजकुरागणिक तो वाढतो.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. सोसायटीच्या गणपतीत, कराओकेच्या रात्री किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमात गाणं म्हणाल तेव्हा आधी कवीचं आणि संगीतकाराचं नाव घ्या. खात्री नसेल तर मजकूर पुढे पाठवू नका, एखाद्या जाणत्याला फोन करा. आणि तिसऱ्या मजल्यावर जे कुणी पूर्वी स्टुडिओत वाजवायचे, त्यांच्याकडे या रविवारी वही घेऊन जा. कोणत्या गाण्यात त्यांनी काय वाजवलं, ते विचारून लिहून घ्या. पाठ्यपुस्तकात ते कधी येणार नाही.