मोरी अजून उभी आहे

मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन एक मोरी बघायला जातो. मोरी म्हटल्यावर शहरातल्या वाचकांची नजर न्हाणीघराकडे वळेल. म्हणून आधीच सांगतो, ही मोरी म्हणजे रस्त्याखालून व्हाळाचे पाणी काढून देणारा छोटा पूल. दोन बाजूंना चिऱ्याचे बांधकाम, वर सिमेंटची लादी आणि लादीवर मैलकुलीने दर दोन-चार वर्षांनी पांढरा रंग द्यावा असे दोन कठडे. वेंगुर्ले तालुक्यात अशा मोऱ्या पुष्कळ आहेत आणि तिच्यात पाहण्यासारखे काही नाही. तरी मी जातो, खाली वाकून पाहतो, आणि ती उभी आहे अशी खात्री झाली की घरी येऊन चहा मागतो. "आसा मां?" एवढेच आमच्या घरातून विचारले जाते. "आसा," मी म्हणतो, आणि एक वर्ष सुटते.

आता ही गोष्ट सांगायला हवी. १९७९ साली मी नवा ओव्हरसियर होतो. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता. आम्ही सारे रत्नागिरीतच मोडत होतो. माझ्या देखरेखीखाली ही मोरी बांधली जात होती. पायाचा खड्डा खणून झाला की साहेबाने खाली उतरायचे, पहारीने ठोकून कातळ लागल्याची खात्री करून घ्यायची आणि मगच काँक्रीट ओतू द्यायचे, हा नियम. त्या दिवसाच्या आदल्या रात्री शेजारच्या गावी जत्रा होती आणि दशावतार पहाटेपर्यंत चालला. मी उठलो तेव्हा सूर्य माडांवर आला होता. जागेवर पोचलो तर खड्डा भरलेला. मुकादम ओशाळून म्हणाला, "झऱ्याचा पाणी भरत होता, सायबानू. म्हणान रातीच ओतून घेतलंव. पण कातळ लागलो हां. पहारीन ठिणगी उडाली."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. मग मी खिशातून पेन काढले आणि मापाच्या वहीत लिहिले, 'पाया समक्ष पाहिला. कठीण कातळ लागला आहे.' खाली सही केली. त्या काळी माझी सही फार सुबक होती.

झाले एवढेच. मोरी बांधून पूर्ण झाली. तिच्यावरून आजवर किती एस.टी. गाड्या, किती काजूच्या गोणी, किती गणपती आणि किती वराती गेल्या याची मोजदाद नाही. ती पडली नाही, तडकली नाही, खचली नाही. मग माझा अपराध तो कोणता, असा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही तोच पडला आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो मला झोपू देत नाही. न पडलेल्या पुलाचे पाप असते काय?

जगाचा न्याय मोठा सोपा आहे. पडले की पापी, उभे राहिले की पुण्यवान. पिसाच्या मनोऱ्याचे उदाहरण घ्या. ११७३ साली त्याचे काम सुरू झाले, तीनच मजले होईपर्यंत तो कलला. कारण खाली मऊ चिकणमाती. त्या जागी आमच्याकडचा एखादा गवंडी असता तर गावाने त्याचे पाणी बंद केले असते. पण मध्येच लढाया लागल्या, काम जवळजवळ शंभर वर्षे थांबले आणि तेवढ्या अवधीत खालची माती दबून घट्ट झाली. लढाया झाल्या नसत्या तर मनोरा बांधता बांधताच आडवा झाला असता, असे जाणकार म्हणतात! १९९० साली तो लोकांना बंद करावा लागला, उंच बाजूच्या बुडाखालची माती हळूहळू काढून तो सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर सावरला आणि २००१ साली पुन्हा उघडला. सारा सावरला नाही, हे लक्षात घ्या. सरळ मनोरा बघायला पिसाला कोण जाईल? आणखी गंमत अशी, की ज्या मऊ मातीने त्याला कलते केले, तिच्यामुळेच तो भूकंपांत तगला, असे अलीकडे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. चूक, लढाई आणि चिखल या त्रयीवर एका गावाचा संसार चालला आहे.

मऊ मातीवरून आमच्या शेजारचे पेडणे आठवते. 'मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये' ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. कोकण रेल्वेच्या इंजिनियरांना ती अक्षरशः अनुभवावी लागली. १९९० साली ते काम सुरू झाले. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा काळ्या कातळातून त्यांनी काढला; स्वीडनहून आणलेली यंत्रे कातळ लोण्यासारखी कापीत गेली. पानवलला चौसष्ट मीटर उंचीचा पूल त्यांनी एका बाजूने ढकलीत ढकलीत दरीवर सरकवला, भारतात पहिल्यांदाच. सह्याद्री नमला. आणि तेरेखोलपलीकडे पेडण्याला दीड किलोमीटरच्या आसपास एक मातीचा डोंगर आडवा आला, तिथे ही सगळी मंडळी सहा वर्षे अडकून पडली. खणावे तितके वरून वाहून येई. यंत्रे उपयोगाची नव्हती; फावडे आणि घमेली घेऊन माणसेच आत जात, आणि काही परत आली नाहीत. सारा मार्ग या बोगद्यासाठी थांबला होता. २६ जानेवारी १९९८ रोजी एकदाची सलग गाडी सुरू झाली. कातळ हरतो आणि चिखल जिंकतो, हे ऐकायला गमतीचे वाटते. ज्यांनी तो उपसला त्यांना गमतीचे वाटले नसावे.

बरे, चिखल अजून हरलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत आतून कोसळली. जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल रुळांवर आला. दोन्ही वेळा गाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या. आता सांगा, या इंजिनियरांनी आणि मजुरांनी कोणती खोटी सही केली होती? त्यांनी तर सहा वर्षे त्या मातीच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यांचे काम पडते, आणि झोपेतून उठून आलेल्या माणसाची मोरी उभी राहते!

मला मात्र कोकण रेल्वेची एक गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे तिचे पावसाळी वेळापत्रक. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड आणि गाडी यांची गाठ पडून फार माणसे दगावली. पुढच्याच वर्षी करंजाडीला पुन्हा तसेच झाले. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्या सावकाश धावतात, माणसे रात्रंदिवस रुळांवर गस्त घालतात आणि मुंबईला पोचायला उशीर होतो. प्रवासी कुरकुरतात. पण मी ते वेळापत्रक हाती घेतो तेव्हा मला वाटते, एवढी मोठी रेल्वे दर वर्षी छापून सांगते आहे, की बाबांनो, आमच्या डोंगरांचा आम्हाला पूर्ण भरवसा नाही. असा कबुलीजबाब छापणाऱ्या संस्था किती असतील?

माझ्या स्वतःच्या कबुलीकडे मी वळलो तो २०१६ साली. २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. जयगड आणि राजापूरहून मुंबईच्या बाजूला निघालेल्या दोन एस.टी. गाड्या आणि आणखी वाहन अंधारात सरळ नदीत गेले. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. हे वाक्य मी वर्तमानपत्रात वाचले आणि हातातली बशी खाली ठेवली. कुणीतरी कुठल्यातरी वहीत सही केली असणार. त्याने खरोखर पाहिले असेल, नीट पाहिले असेल, आणि तरीही नदीच्या पोटात काय चालले आहे ते त्याला दिसले नसेल. मी तर पाहिलेसुद्धा नव्हते.

आपल्याकडे एक आख्यायिका आहे. इंग्रजी अमदानीतला पूल जुना झाला, की तो बांधणाऱ्या कंपनीचे विलायतेतून पत्र येते: तुमच्या पुलाची मुदत संपली, आता आमची जबाबदारी नाही. प्रत्येक गावातल्या पुलाबद्दल हे सांगतात. ते पत्र प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. पण ही गोष्ट लोकांना इतकी प्रिय का, याचा मी विचार केला आहे. आपण बांधले त्याची काळजी बांधणाऱ्याला शेवटपर्यंत असावी, निदान एक कार्ड तरी टाकावे, ही ती इच्छा आहे. म्हणून मी ठरवले, विलायतेतून नाही तर नाही, पत्र वेंगुर्ल्यातून जाईल.

त्याआधी आमच्या मास्तरांचा सल्ला घेतला. हे निवृत्त संस्कृत शिक्षक. गीतेवर त्यांचा हात चांगला बसला आहे. मी म्हटले, "मास्तर, फळावर आपला अधिकार नाही ना? मग पूल उभा राहिला काय आणि पडला काय, मला त्याचे काय?" मास्तर हसले. "अरे, हे वचन लोक पीक बुडाले म्हणजे काढतात. पीक आले म्हणजे कुणी काढीत नाही. फळावर तुझा अधिकार नाही, तर उभ्या राहिलेल्या मोरीवरही नाही. तिच्या आड लपतोस कशाला?" मी गप्प बसलो. मग पुन्हा म्हटले, "पण मुकादम खरे बोलला असेल तर? कातळ असेलच तर? मग मी लिहिलेले वाक्य अक्षरश: खरे ठरते." त्यावर ते म्हणाले, "वाक्य खरे ठरेल. तू नाही." मास्तरांकडे जाणे मी थोडे दिवस बंद ठेवले.

घरी वेगळा कायदा. "मगे काय, ती पडाक व्हयी तुमका?" असे मला विचारण्यात आले. या प्रश्नाला तत्त्वज्ञानात उत्तर नाही.

न पडलेल्या इमारतीने झोप उडालेला मी पहिलाच नव्हे, याचा मला मोठा आधार वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली एकोणसाठ मजल्यांची एक इमारत उभी राहिली, सिटीकॉर्पची. तिच्या एका कोपऱ्याखाली चर्च असल्यामुळे तिचे चार खांब कोपऱ्यांना न देता बाजूंच्या मध्यावर दिले होते. चार पायांचे टेबल घ्यावे आणि पाय कडांच्या मधोमध बसवावे, तसे. पुढच्या वर्षी तिचा इंजिनियर विल्यम लेमेझर याला एका विद्यार्थ्याची शंका कळली. तो पुन्हा आकडेमोड करायला बसला, आणि त्याच्या लक्षात आले, की तिरका वारा त्याने धरावा तितका धरला नव्हता आणि पोलादाचे सांधे आपल्याला न विचारता जोडणीऐवजी बोल्टांनी बसवले आहेत. कुणालाच काही माहीत नव्हते. तो गप्प राहू शकला असता. त्याने मालकांना जाऊन सांगितले, आणि मग रात्रीच्या रात्री जोडारी लोक आत जाऊन सांध्यांवर जाड पोलादी पट्ट्या जोडू लागले. वर्तमानपत्रांचा संप चालू होता. एक वादळ शहराच्या रोखाने निघाले आणि समुद्राकडे वळले. आत काम करणाऱ्या लोकांना, आसपास राहणाऱ्यांना, कुणाला काही सांगितले नाही. १९९५ साली ती हकिकत छापून आली तेव्हा जग थक्क झाले.

या माणसाची फार स्तुती होते, आणि ती रास्त आहे. तथापि त्या आसपासच्या लोकांना अंधारात ठेवले, हे माझ्या मनातून जात नाही. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी परस्पर सही केलीच की! पुढे अलीकडच्या तपासणीत असेही निघाले, की तिरक्या वाऱ्याचा धोका त्याला वाटला तितका नव्हता. म्हणजे त्याची भीतीसुद्धा थोडी चुकलेली. पण त्यामुळे त्याचे जाऊन सांगणे मला लहान वाटत नाही. माझ्या मोरीखाली कातळ असला तरी माझी सही मोठी होत नाही, तसेच हे.

आणि मालवण? ते आठवल्याशिवाय आमच्या बाजूचा माणूस या विषयावर लिहूच शकत नाही. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी पडला. समोर सतराव्या शतकातला सिंधुदुर्ग लाटा खात उभा होता. त्या दिवशी आमच्या बाजारात कुणी विनोद केला नाही. आणि आमचा बाजार विनोदासाठी फारसे कारण शोधीत नाही.

तर मी पत्र लिहिले. १९७९ साली अमुक मोरीचा पाया मी समक्ष पाहिला नव्हता, तरी तपासणी व्हावी. तीन महिन्यांनी कचेरीतून उत्तर आले: सदर मोरीची कागदपत्रे उपलब्ध नाहीत, सबब आपल्या सहीची नोंद आढळत नाही. माझे पाप कागदावरून वाळवीने खाल्ले होते! मी दुसरे पत्र घातले. तेव्हा एक तरुण इंजिनियर मोटारसायकलवरून आला. चांगला मुलगा. खाली उतरला, चिखलात पँट भरवून घेतली, पहारीने इकडेतिकडे ठोकले. "काका, बाहेरून तर ठणठणीत आहे. आत बघायचे तर वरून भोक पाडून नमुना काढावा लागेल. त्याचे अंदाजपत्रक करून पाठवतो. पाया उकरून बघू म्हणाल, तर चांगली असलेली मोरी मी सैल करीन." अंदाजपत्रक त्याने पाठवले, हे मला माहीत आहे. पुढे त्याची बदली झाली. मी अधूनमधून स्मरणपत्र घालतो. पोस्टमनला तो मजकूर आता पाठ असावा.

यंदाही मृगाचा पाऊस पडला आणि मी गेलो. व्हाळ लाल होऊन दुथडी चालला होता. कठड्यावर वाकून पाहत होतो, इतक्यात मागून एस.टी. आली. शाळेची वेळ, गाडी पोरांनी भरलेली. ड्रायव्हर ओळखीचा. त्याने गाडी थांबवून खिडकीतून डोके बाहेर काढले.

"काय सायबानू, मोरी आसा मां?"

"आसा," मी म्हटले.

"मगे जरा बाजूक व्हया."

मी बाजूला झालो. गाडी मोरीवरून गेली. मी पलीकडचा आवाज ऐकेपर्यंत तिथेच उभा होतो.