वाळलेली तूर सांगावी का?

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर धाराशिव-लातूर भागात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं बायकांना पुनर्बांधणीत उतरवलं. पुढं दुष्काळानं गाठलं, तेव्हा एक एकर शेतीचा मार्ग रुळला : कमी पाण्यावर, घरच्या खतावर, घरात खायला लागणारी पिकं. समजा, आता ही माहिती मोबाईलवरून केनियातल्या शेतकरी बायकांपर्यंत जाते, आणि तुळजापूर तालुक्यातल्या एका बचत गटातल्या आत्या-भाची ती पाठवायला बसल्यात.

भाची : आत्या, ज्वारी, मूग, भाज्या, गांडूळ खत, सगळं आलं. मुरमाडावरची तूर फुलोऱ्यातच वाळली, तेवढं गाळते.

आत्या : का गं?

भाची : मदत देणारे यशच बघतात. उद्या मदत आटली तर बियाण्याला पैसे कुठले?

आत्या : 2001 ला भूज हादरलं तेव्हा आपल्या भागातल्या बाया आपला अनुभव सांगायला कच्छला गेल्या होत्या. 'आमचं सगळं झ्याक झालं' एवढंच सांगितलं असतं, तर कुणी ऐकलं असतं?

भाची : त्या समोर बसल्या होत्या. लोकांना उलटून विचारता येत होतं.

आत्या : तेच म्हणते मी. मी तुला खराब बी दिलं तर तू उद्या दारात येऊन भांडशील. त्या धाकानं मी नीट बोलते. केनियातली बाई कुणाच्या दारात जाईल?

भाची : पण बाकीचे गट आपलं झाकून ठेवतात. खरं बोलणारा मागं पडतो.

आत्या : पडतो. नाही कशाला म्हणू?

भाची : मग लांबच्या बाईपायी आपल्या बायांचं नुकसान करायचं?

आत्या : तूर जिची वाळली तिला आधी विचार. शेत तिचं, अब्रू तिची. नको म्हणाली तर नाव गाळ. पण जमीन कसली होती, पाणी कधी तुटलं, ते गाळू नको. नाव कळलं नाही म्हणून तिथं कुणाचं पीक जात नाही. जमीन कळली नाही तर जातं.

भाची : आणि मदत गेलीच तर?

आत्या : महिन्याला शंभर-शंभर काढून गट उभा केला, तसा पुन्हा करू.

भाची : तुझं बरं आहे, आत्या. तुझ्या शेतात विहीर आहे.

आत्या जरा वेळ बोलली नाही.

आत्या : खरंय. मग ठरवताना माझं मत धरू नको. ज्यांना विहीर नाही त्यांना विचार, आणि त्या म्हणतील तसं पाठव.