खोटे आणि खेळ

इशाची नमाज झाली, सफा मोकळ्या झाल्या, तरी एक गृहस्थ मागे थांबले होते. आमच्या कळंब्यातलेच, संगणकाच्या नोकरीत असलेले, दोन लहान मुलांचे वडील. रविवारी ते मुलांना घेऊन एक खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. वडील गोष्ट सांगू लागतात आणि मुले त्या गोष्टीतली माणसे होतात. 'तुम्ही कात्यायनीच्या डोंगरापलीकडे एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आत कोणीतरी कण्हते आहे. काय करणार?' मुले सांगतील तशी गोष्ट वळते, आणि जमले की फसले हे ठरवायला फासा टाकायचा. घरातील ज्येष्ठांनी हे पाहून तीन आक्षेप घेतले होते: हे खोटे बोलणे आहे, यात फासा आहे आणि यात जादूगार आहेत. "मौलाना, मी मुलांना बिघडवतोय का?" असे त्यांनी विचारले.

मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. खेळ पाहिल्याशिवाय बोलणे योग्य नव्हते. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या घरातले होते. ते पुढे सांगतो.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला, त्याची ही पुढची पिढी. १९८० च्या दशकात तिथल्या काही ख्रिस्ती पालकांनीही त्याच्याविरुद्ध मोठा गदारोळ केला होता; मुले सैतानाच्या नादी लागतील अशी त्यांना धास्ती होती. लेकरांची काळजी कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. पण काळजी म्हणजे हुकूम नव्हे. हुकूम दलीलीवर ठरतो.

फाशाचा आक्षेप आधी घेतो, कारण तो सोपा आहे. नर्दशीर, म्हणजे फाशांचा खेळ खेळणाऱ्याविषयी सहीह मुस्लिममध्ये फार कठोर हदीस आहे, प्रेषित (स.) यांनी त्याची तुलना डुकराच्या मांसात व रक्तात हात माखणाऱ्याशी केली आहे. पैसा लावलेला नसला तरीही बहुसंख्य फुकहांनी तो नाजायज मानला. आजचे काही उलमा म्हणतात की मनाईचे मूळ कारण जुगार आहे, मुलांच्या खेळातल्या फाशाला ती लागू नाही. त्यांची दलील मला माहीत आहे. तरी मी त्या वडिलांना फासा काढून चिठ्ठ्या ठेवायला सांगितले. प्रवासाला निघताना सोबत कोणत्या पत्नीला न्यावे हे प्रेषित (स.) चिठ्ठी टाकून ठरवीत, हे सहीह बुखारीत आहे. कोणी म्हणेल, चिठ्ठी काय आणि फासा काय, दोन्ही एकच. म्हणोत. ज्या खेळाचे नाव घेऊन इशारा दिला गेला, त्याच्याभोवती युक्तिवादाचे कुंपण घालत बसण्यापेक्षा फासा बाजूला ठेवणे मला सोपे वाटते. (ज्या घरातून हा आक्षेप आला तिथे मोबाइलवर लूडो रंगतो, हेही मी अदबीने नजरेस आणून दिले.)

जादूचे म्हणाल, तर सिहर हा सर्वनाश करणाऱ्या सात पापांपैकी एक. मुलाने मंत्राच्या बळावर जिंकणारा जादूगार व्हावे हे मला मान्य नाही. गोष्टीत जादूगार समोर येणे वेगळे. फिरऔनचे जादूगार कुरआनातही आहेत, आणि शेवटी सजद्यात पडणारेही तेच आहेत. याच ओघात मी पाहिलेला एक प्रसंग. त्या घरातली सात वर्षांची मुलगी म्हणाली, "मी हजरत सुलैमान होते." वडील दचकले. पैगंबरांची आणि सहाबांची सोंगे आपण घेत नाही, एवढे त्यांनी समजावले. ती क्षणभर रुसली आणि म्हणाली, "मग मी मुंगी." सूरह नम्ल तिला कोणीतरी ऐकवली होती. तो सगळा दुपारचा खेळ मग एका बोलक्या मुंगीने गाजवला.

आता मुख्य प्रश्न. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याचा विनाश असो, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे, आणि ज्येष्ठांनी तीच पुढे केली होती. मग 'मी मुंगी आहे' हे खोटे नाही काय?

सुनन अबू दाऊदमधल्या दोन हदीस मी शेजारी ठेवतो. पहिलीत प्रेषित (स.) एका मोहिमेवरून परतले आहेत. वाऱ्याने पडदा उडतो आणि मागे ठेवलेल्या हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या दिसतात. त्यांत कापडी पंखांचा एक घोडा. घोड्याला पंख? असे विचारताच त्या उलट विचारतात, सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? आणि प्रेषित (स.) इतके हसतात की दाढा दिसतात. दुसरीत एक आई मुलाला हाक मारते: ये, तुला काही देते. काय देणार होतीस, असे प्रेषित (स.) विचारतात. ती सांगते, खजूर. दिला नसतास तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते, असे ते बजावतात.

पंखांच्या घोड्यावर हसू, आणि न दिलेल्या खजुराचा हिशेब! आपण मोजताना नेमके उलटे मोजतो. मुलगी मुंगी झाली तर आपल्याला खोट्याची भीती वाटते. आणि जेवत नाही म्हणून बागुलबुवा बोलावताना, 'पोलीस नेतील' म्हणताना जीभ अडखळत नाही. कळंब्यात तर मध्यवर्ती कारागृहच शेजारी. 'जेलात टाकीन' ही धमकी इथे किती आया आणि किती बाप देत असतील!

खोटे म्हणजे जे नाही ते आहे असे समोरच्याच्या मनात बसवणे. खेळात बाप आणि लेक दोघेही एकाच दारातून आत गेलेले असतात. फसवला जाणारा कोणीच नसतो. मदरशात आम्हाला 'मकामाते हरीरी' शिकवीत. तिचा प्रत्येक मकामा रचलेला आहे, आणि बसऱ्याच्या हरीरींनी (मृत्यू ११२२) प्रस्तावनेतच यावर उत्तर दिले आहे: पशूंच्या आणि निर्जीव वस्तूंच्या तोंडी घातलेल्या कथा सांगणाऱ्याला कोणत्या आलिमाने पापी ठरवले? पुढे मराठी घेऊन बीए करताना पंचतंत्र समोर आले, तेव्हा ध्यानात आले की त्या पशुकथा, म्हणजे 'कलीला व दिम्ना', आपल्याच भूमीतून निघून पहलवीमार्गे अरबीत गेल्या होत्या.

परंतु दार एकच असावे ही अट कडक आहे. पाच वर्षांच्या धाकट्याने त्या रात्री विचारले की गुहेतला तो अजून कण्हतोय का. त्या क्षणी खेळ खेळ राहिला नव्हता. वडिलांनी त्याला जवळ घेऊन सांगितले की गुहा नव्हती, कण्हणारा नव्हता, अब्बांनी रचले होते. हे सांगायला जो कंटाळतो किंवा मुलाची भीती पाहून हसतो, त्याच्यावर ज्येष्ठांचा आक्षेप पूर्णपणे लागू होतो. मुलावरून कलम उचललेले आहे, बापावरून नाही.

आता माझ्या घरातले. माझ्या मुलाला कळंब्याच्या तळ्यावर जायचे होते. जुम्यानंतर जाऊ, इन्शाअल्लाह, असे मी म्हणालो. एका जुम्याला निकाह निघाला, दुसऱ्याला जनाजा, तिसऱ्याला मी थकलो होतो. चौथ्यांदा त्याने आईला विचारले, तिने माझ्याकडे बोट दाखवले, आणि तो सहजपणे म्हणाला, "नको, अब्बा इन्शाअल्लाह म्हणतील." सहा वर्षांच्या मुलाच्या कोशात अल्लाहच्या इच्छेचा अर्थ 'नाही' असा मी लिहून ठेवला होता. मिंबरवरून खोट्याविषयी खुतबा देणारा मी. त्या गृहस्थांना लगेच उत्तर देण्याचा धीर मला झाला नाही तो यामुळे.

त्यांच्या खेळात मला सर्वांत मोलाचा वाटला तो वारंवार येणारा प्रश्न: तू काय करशील? आपण मुलांना दिवसभर काय करायचे ते सांगतो, विचारत नाही. गुहेत कण्हणारा एक चोर निघाला, पाय मोडलेला. मुंगीताईचे मत होते की त्याची थैली घेऊन पळावे. धाकट्याने विचारले, तो जेवला आहे का? पुढची दहा मिनिटे भाऊ-बहीण भाकरीवरून भांडत होते, आणि वडील मध्ये पडले नाहीत. मी मात्र एकदा पडलो: असरची वेळ झाली होती.

उत्तर मी त्यांना लेखी दिले. फासा नको, जादूचे बळ नको, कुफ्राचे बोल खेळातही नकोत, नमाजची वेळ ढळू नये, आणि मूल घाबरले की खेळ तिथेच मोडावा. बाकी मुबाह. ज्येष्ठांनी ते वाचले. त्यांना ते पूर्ण पटलेले नाही, आणि पुढच्या रविवारी ते स्वतः बसून पाहणार आहेत.

तळ्यावर आम्ही गेल्या जुम्याला जाऊन आलो. इन्शाअल्लाह म्हटल्यावर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि मी लगेच चप्पल घातली.