जालूतचा चेहरा

शिरूर काय, दौंड काय, आमच्या उर्दू शाळांत हजरत दाऊद आणि जालूतचा किस्सा निघाला की सारी मुले मनाने दाऊदच्या बाजूला उभी राहतात. आम्ही शिक्षकही. जालूतमध्ये स्वतःला पाहणारा कुणी भेटत नाही.

इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो (१५७१-१६१०) याने ते केले. ऐन विशीत त्याने स्वतःला बाकस या मद्यदेवतेच्या वेषात रंगवले होते. डोक्यावर पानांची माळ, हातात द्राक्षे, पण कातडी पिवळट, ओठ निस्तेज. देवाचा वेष घेऊनही आजार लपला नाही. १६०६ मध्ये रोममध्ये त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी मारला गेला आणि तो पळाला. अखेरच्या वर्षांत दाऊदच्या हातात लोंबणारे जालूतचे शीर रंगवताना त्याने चेहरा दिला तो स्वतःचा. (नबीचे चित्र आम्हाला मान्य नाही, तो मुद्दा वेगळा.)

याला तौबा म्हणावे का? कबुलीला धैर्य लागते, हे खरेच. शिवाय त्या दाऊदच्या चेहऱ्यावर विजय नाही, कीव आहे. इथेच आम्ही अडतो. कीव कुणाची? मारणाऱ्याची! हुकूकुल्लाहमधल्या चुकीची माफी अल्लाहकडे मागावी. हुकूकुल इबादमध्ये मात्र ज्याचे देणे, त्याच्याच दारात जावे लागते. हे चित्र त्याने माफीसाठी पोपच्या भाच्याकडे, कार्डिनल बोर्गेझेकडे धाडले, असे बरेच अभ्यासक मानतात. माफी देण्याची सत्ता तिथे होती. पण मेलेला माणूस तोमास्सोनींच्या घरचा होता.