मोजून वाढलेला भात

'उत्साह शिगेला पोहोचला' असं आपण सहज म्हणतो, पण शीग म्हणजे काय हे माझ्या पिढीतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. मापट्याने किंवा पायलीने धान्य मोजताना माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. शीग ठेवून देणारा मोठ्या मनाचा. हात फिरवून माप सपाट करणारा चोख, पण कोरडा. तराजूचंही तसंच. पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला जरा कलू देणं म्हणजे झुकतं माप. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं लागू व्हायला लागली आणि शेर-पायली हळूहळू मागे पडले. आता तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा डिजिटल काटा आलाय. त्याला शीग नाही आणि झुकणंही नाही. २०० म्हणजे २००.

या काट्यावर घरातलं जेवण मोजावं का? वरवर हा डाएटचा प्रश्न आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो. आपल्याकडे 'मोजून वाढलं' ही तक्रार असते. पाहुण्याला मोजून वाढणाऱ्या घराबद्दल गावात काय बोललं जातं, ते कोकणात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

आमच्याकडे काटा आला तो बाबांच्या मधुमेहामुळे. मी रत्नागिरीत घरूनच काम करतो, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण सगळ्यांचं एकत्र असतं. डॉक्टरांनी बाबांना एका वेळी १५० ग्रॅम शिजलेला भात सांगितला. ज्या घरात सकाळी पेज, दुपारी भात-आमटी आणि रात्री पुन्हा भात, तिथे ही मोठी गोष्ट होती. आणि आईला काटा अजिबात आवडला नाही. "मी काय खाणावळ चालवते?" एवढंच ती म्हणाली.

तिचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काटा कसा चालतो बघा. आत धातूची एक छोटी पट्टी असते. वजन पडलं की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि चिप त्याचा आकडा करते. काट्याला एवढंच कळतं. आई वाढताना जे बघते ते वेगळंच असतं. कोण उन्हातून आलंय, कुणाचं पोट बिघडलंय, कोण रागावून गप्प जेवतंय. तिचा अंदाज म्हणजे ढिसाळ मोजमाप नसतं, ते माणसाकडे दिलेलं लक्ष असतं. काटा आणला की हे लक्ष आपण एका पट्टीवर सोपवतो, अशी तिची भीती. ती खोटी नाही.

पण मोजणं म्हणजे कोरडेपणा, असंही म्हणता येत नाही. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग ज्याला कमी मिळतं त्याच्या बाजूने बोलतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम ठरलेलं आहे. तिथे आकड्याऐवजी 'पोटभर द्यावे' असं लिहिलं असतं, तर पोट भरलं की नाही हे देणाऱ्याने ठरवलं असतं. आकडा आहे म्हणून मुलाचे आईवडील भांडू शकतात. 'आमचा वाटा कमी का?' असं विचारायला आधी वाटा ठरलेला लागतो.

उलट बाजूही आपल्याच इतिहासात आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज १ पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असं ठरवलं. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसासाठी हे होतं. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मोजमाप तेव्हाही काटेकोर होतं. शाळेतल्या १०० ग्रॅममध्ये आणि या १ पौंडात मग फरक काय?

मला फरक असा दिसतो. शाळेचा आकडा म्हणतो, यापेक्षा कमी नको. टेंपलचा आकडा म्हणतो, यापेक्षा जास्त नको. एक किमान, एक कमाल. आणि कमाल ठरवणारा स्वतः त्या मापात जेवत नव्हता. यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला: किमान दुसऱ्याला द्यावं, कमाल फक्त स्वतःला लावावी. बाबांचे १५० ग्रॅम ही कमालच आहे. पहिल्या आठवड्यात आई मोजायची तेव्हा ते चिडायचे. नंतर ते स्वतःच ताट काट्यावर ठेवून शून्याचं बटण दाबायला लागले आणि वाद संपला. भात तेवढाच होता. फक्त काटा आता त्यांच्या हातात होता.

नियम सुटसुटीत आहे, पण तो दोन ठिकाणी अडतो.

पहिलं ठिकाण आपल्या वयाचं. आपल्यातले कितीतरी जण अॅपमध्ये रोज ग्रॅम भरतात. आकडा आपणच लावलेला असतो, म्हणजे नियमात बसतो. पण मित्राच्या लग्नात पंगतीला बसल्यावर पुरणपोळीचं वजन माहीत नाही म्हणून घास घशाखाली उतरत नसेल, तर तो आकडा खरंच आपला राहिलाय का? ज्या आकड्याला 'आज नाही' म्हणता येतं, तोच आपला. ज्याला म्हणता येत नाही, तो बाहेरून येऊन आपल्या आवाजात बोलतोय.

दुसरं ठिकाण आमच्या स्वयंपाकघरातच सापडलं. बाबांसाठी केलेल्या तक्त्यात मी सगळ्यांचे रकाने केले होते, निव्वळ तुलनेसाठी. महिनाभरात सगळे भरले, आईचा मात्र भरता येईना, कारण तिला वाटाच नव्हता. ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि पातेल्यात उरलं ते घेते. तिला न सांगता नाही, तिच्यासमोरच आठवडाभर मोजलं. एक दिवस ९० ग्रॅम भात, दुसऱ्या दिवशी ३१०, कारण त्या दिवशी बाबांनी कमी घेतला आणि उरलेला 'टाकायचा कसा?' तिच्या जेवणाचा तिच्या भुकेशी संबंधच नव्हता. इतरांच्या अंदाजात जी चूक राहील, ती भरून काढायचं काम तिचं पोट करत होतं.

विचारलं तर म्हणाली, "मला तेवढंच लागतं." म्हणजे तिने स्वतःला स्वतःच कमाल लावलेली, माझ्या नियमाप्रमाणे सगळं ठीक. पण हे तिने ठरवलंय की तिच्या आईने आणि सासूने? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं पुष्कळ आहेत, ती सगळी पातेल्याच्या तळाशी नाहीत. तरी ज्या समाजात वाढणारीने शेवटी जेवायचं असतं, तिथे 'आम्ही घरात मोजत नाही' हे वाक्य मला आता निरागस वाटत नाही. मोजलं जात होतंच. फक्त हिशोब एका बाईच्या डोक्यात होता आणि त्यात तिचं नाव नव्हतं.

म्हणून घरातल्या काट्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. कोण जास्त खातंय हे शोधायला तो फारसा कामाचा नाही. कुणाचा वाटा धरलाच नव्हता, हे तो दाखवतो. एकदा ते दिसलं की पुढचं काम त्याचं नाही. आईला १५० ग्रॅम मोजून देणं हा काही न्याय नाही. तिचं ताट इतरांबरोबर मांडलं जाणं, आणि भातवाढी कधीतरी दुसऱ्याच्या हातात असणं, हा आहे.

आमच्याकडे सध्या दुपारी चार ताटं एकदम वाढली जातात. बाबांचं काट्यावर, आजीचं आणि माझं अंदाजाने. आईचं मी वाढतो, शीग ठेवून. "एवढा कशाला?" असं ती रोज म्हणते आणि थोडा भात परत काढून ठेवते. किती काढला ते मी मोजत नाही.