सात की नऊ?

अंबरनाथला एक आजोबा राहत. त्यांचा उभा जन्म ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर गेला. तिथे नुसतं ‘बरोबर आहे साहेब’ म्हणून भागत नसे. मायक्रोमीटर लावून दाखवावं लागे. निवृत्त झाल्यावर मायक्रोमीटर हातातून गेला, खोड मात्र राहिली. सुनेनं उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या बॅगेवर ‘मेड इन यूएसए’ दिसलं की ते विचारायचे, “कुठलं यूएसए?” (उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा आमच्या भागातला जुना विनोद. दुकानदारही तो हसतहसत सांगतात.)

नातू सहावीत. शाळेनं प्रकल्प दिला होता, ‘माझ्या गावातील वास्तू’. पोरानं पाच मिनिटांत पहिलं वाक्य लिहिलं : ‘अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि पहाट झाल्यामुळे कळस अपुरा राहिला.’

“कुणी सांगितलं?” आजोबांनी विचारलं.

“सगळेच सांगतात.”

“सगळ्यांना कुणी सांगितलं?”

नातू वैतागला. “आजोबा, तुम्हाला माहीत असेल तर सरळ सांगून टाका ना.”

“मला कुठे माहीत आहे?”

ही चलाखी नव्हती. आजोबांना खरंच माहीत नव्हतं. साठ वर्षं ते त्या देवळात जात होते, श्रावणी सोमवारी रांगेत उभे राहत होते, आणि हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाले. वालधुनी नदीच्या पुलावर नाक धरून भराभर चालले. देवळापाशी आजोबा म्हणाले, “काय दिसतं ते सांग. ऐकलेलं नको.”

पोरगा सांगू लागला. काळा दगड. भिंतभर मूर्ती, बोट ठेवायला जागा नाही. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत जाऊन मान वर केली तर डोक्यावर आभाळ.

“बघा! वर कळस नाहीच. म्हणजे गोष्ट खरी!”

“कळस नाही हे दिसलं. पहाट झाली हेही दिसलं का?”

पोरगा गप्प झाला.

“वरचा भाग नसायला आणखी काय कारण असेल?”

“पैसे संपले असतील,” पोरगा म्हणाला. मग जरा थांबून, “राजा मेला असेल. नाहीतर आधी होता, नंतर पडला.”

“यातलं कुठलं खरं?”

“कसं सांगणार!”

“हं,” आजोबा म्हणाले. त्यांना हे उत्तर फार आवडलं होतं, पण त्यांनी तोंडावर दाखवलं नाही.

परतताना रस्त्याकडेला एक पाथरवट पाट्याला टाकी लावत बसला होता. पोरगा आपणहून थांबला. “काका, दिवसभरात किती होतात?”

“पाटा-वरवंट्याची एक जोडी. दगड नीट असला तर.”

पोरानं मागे वळून देवळाच्या दिशेला पाहिलं. घरी येऊन त्यानं पांडवांचं वाक्य खोडून काढलं. संध्याकाळी वाचनालयात गेला, आणि परत आला तो उड्या मारतच. नवं वाक्य तयार होतं : ‘पांडवांची गोष्ट खोटी आहे. हे मंदिर शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मध्ये झाले.’

“कुणी सांगितलं?” आजोबांनी विचारलं.

“पुस्तकानं!”

“पुस्तकाला?”

“देवळातल्या शिलालेखानं!”

“आणि तो कुणी वाचला?”

पोरानं वही आपटली. कालपर्यंत हा प्रश्न दुसऱ्यांच्या गोष्टीला होता, आता तो त्याच्या स्वतःच्या उत्तराला लागला होता. टोचतं ते इथेच. रात्री तो कुणाशी बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचनालयात जाऊन बसला.

आला तेव्हा उड्या नव्हत्या. हळूच म्हणाला, “आजोबा, गंमतच आहे. आधी तो लेख भाऊ दाजी लाडांनी वाचला. भायखळ्याच्या म्युझियमला नाव आहे ना, तेच. त्यांनी आकडा वाचला ७८२. नंतर भगवानलाल इंद्रजींनी वाचला, तर ९८२. दगड तोच. एकाला सात दिसला, एकाला नऊ. दोनशे वर्षांचा फरक! आणि भगवानलाल तर भाऊ दाजींच्याच हाताखाली काम करून शिकलेले. गुरूची चूक काढली त्यांनी?”

“चूक काढली की लेख पुन्हा वाचला?”

पोरानं थोडा विचार केला. “पुन्हा वाचला.”

“बरं. मग तू सात धरणार की नऊ? तुला तर ती अक्षरं वाचता येत नाहीत.”

“येत नाहीत. पण हे बघा.” त्यानं वही पुढे केली. “भांडुपला एक ताम्रपट सापडला होता. तो राजा छित्तराजाचा. शके ९४८. आणि माम्वाणी हा छित्तराजाचा धाकटा भाऊ. मोठा भाऊ ९४८ मध्ये राज्य करतोय, तर धाकटा ७८२ मध्ये राजा कसा असेल? मोठ्याच्या आधी दीडशे वर्षं?”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मघाशीच पुसला होता. लेथवरचा एखादा नग पहिल्या झटक्यात मापात बसला की ते असंच काहीतरी करत.

“मग नऊ,” ते म्हणाले.

“नऊ. म्हणजे अजून कुणी दुसरा ताम्रपट दाखवेपर्यंत नऊ.”

“आणि पांडव? त्यांचं वाक्य खोडूनच टाकलंस?”

“खोटं आहे ना ते?”

“लोक ते सांगतात, हेही खोटं आहे का?”

पोरानं पेन्सिल घेतली. खोडलेलं वाक्य पुन्हा लिहिलं आणि त्याच्या आधी दोन शब्द घातले : ‘लोक म्हणतात’.

प्रकल्प झाला. रात्री जेवताना आजोबा खुशीत होते. भाकरी मोडत म्हणाले, “आपल्या या सगळ्या पट्ट्याला इतिहास आहे बरं का. आता बदलापूर घे. शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे तिथे बदलत, म्हणून गावाचं नाव बदलापूर.”

“कुणी सांगितलं?” नातवानं विचारलं.

“अरे, सगळेच...” आजोबा म्हणाले, आणि घास हातातच राहिला. सुनेनं पदर तोंडाला लावला.

रविवारी सकाळी दोघे अंबरनाथ स्टेशनवर बदलापूर लोकलची वाट बघत उभे होते. खिशात दोन रिटर्न तिकिटं होती. या वेळी वही आजोबांच्या हातात होती.